तुम्ही विचारलंत म्हणून: कोबी-फ्लॉवर खाल्ल्याने कॅन्सर टळतो का?

कॉलेजात बायोलॉजी शिकवते म्हटल्यावर जळगावात लग्नाची पंगत असो की भरीत पार्टी, कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, कोबी-फ्लॉवर खाल्लं की कॅन्सर होत नाही म्हणतात, खरंय का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. होणारच नाही अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही. पण पेशींना संरक्षण मिळू शकतं याला चांगला आधार आहे, आणि ते कसं मिळतं हे कळलं की भाजी करायची पद्धतच बदलावीशी वाटते.

कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी, अळीव, सगळे एकाच कुळातले. यांच्यात ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्यं असतात आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं, पण वेगवेगळ्या कप्प्यांत. आपण चिरतो, किसतो, चावतो तेव्हा कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि त्यातून आयसोथायोसायनेट बनतात. भाकरीसोबत मुळा कचकन चावला की नाकात जी झणझण जाते ना, ती हीच. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन याच जातीचं, १९९२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल टॅलले यांच्या टीमने ते वेगळं काढलं. म्हणजे गड्ड्यात ते तयार भरलेलं नसतं, विळीवर तयार होतं!

आता पेशीत काय होतं बघा. विडीचा धूर, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन, असं काही आत गेलं की शरीर ते बाहेर काढायला त्याचं रूप बदलतं, पण त्या पहिल्याच टप्प्यात ते कधीकधी जास्त घातक होऊन डीएनएला चिकटतं. दुसऱ्या टप्प्यातली एन्झाइम्स त्याला ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच एक द्रव्य जोडून लघवीवाटे बाहेर काढतात. सल्फोराफेन ही दुसरी फळी वाढवतं. पेशीत कीप१ नावाचं प्रोटीन एनआरएफ२ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला धरून ठेवतं, सल्फोराफेनमुळे ती पकड सुटली की एनआरएफ२ केंद्रकात जाऊन या एन्झाइम्सची जनुकं चालू करतं. चीनमध्ये प्रदूषित हवेच्या भागात २९१ लोकांना १२ आठवडे पेय दिलं, काहींना ब्रोकोलीच्या मोडांचं, बाकीच्यांना तसंच पण मोडांशिवाय, आणि २०१४ मध्ये निकाल आला की मोडवाल्यांच्या लघवीतून बेंझीन (प्रदूषित हवेतलं एक घातक रसायन) ६१ टक्के जास्त बाहेर पडलं. यावरून कॅन्सर कमी झाला असं सिद्ध होत नाही हां, पण माणसाच्या शरीरात हे खरंच घडतं एवढं नक्की कळतं.

मग करायचं काय, तर कोबी चिरून लगेच कढईत लोटू नका, अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या म्हणजे तेवढ्यात एन्झाइमचं काम होऊन जाईल, कारण उष्णतेने एन्झाइम मरतं आणि कुकरच्या शिट्यांत तर काहीच उरत नाही. शिजवलेल्या भाजीवर चिमूटभर कच्ची मोहरीपूड टाका, तिच्यात एन्झाइम जिवंत असतं (फोडणीतल्या मोहरीत नाही). २०१८च्या एका प्रयोगात २०० ग्रॅम शिजवलेल्या ब्रोकोलीवर १ ग्रॅम मोहरीपूड घातली तर शरीराला चौपटीहून जास्त सल्फोराफेन मिळालं. आणि ब्रोकोलीसाठी मॉल शोधत बसू नका हो, हिवाळ्यात आपल्याकडे भरीत-भाकरीसोबत कच्चा मुळा असतोच, तो सोडू नका.

पण तंबाखू मळता मळता कोणी मला हा प्रश्न विचारतं तेव्हा जीव तुटतो. तंबाखू-गुटख्याचं नुकसान कोबीने भरून निघत नाही, आधी ती पुडी सोडा. थायरॉइडचा त्रास असेल तर या भाज्या शिजवून आणि बेतानेच खा, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भाज्यांचं प्रमाण एकदम वाढवू नका.