डायनासोर आहे, मग शिरस्त्राण कशाला?

‘डायनासोर तर तुमच्याकडे आहेच, मग त्याच्या एका बोटभर तुकड्यासाठी इतकी वर्षे कशाला घालवता?’ माझा जुन्या खेळण्यांचा संग्रह पाहून झाला की पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

टायको या कंपनीने १९८८ मध्ये ‘डायनो-रायडर्स’ नावाची खेळणी बाजारात आणली. त्यांच्या कथेत दोन पक्ष आहेत. व्हॅलोरियन डायनासोरांशी मनाने संवाद साधतात आणि त्यांना मित्र करून घेतात. रुलॉन मात्र त्यांच्या डोक्यावर ‘ब्रेन बॉक्स’ नावाचे शिरस्त्राणासारखे यंत्र चढवून त्यांना गुलाम करतात. कथेतला हा सारा भेद खेळण्यात उतरतो तो सुट्या भागांतून. व्हॅलोरियनांच्या डिप्लोडोकसच्या पाठीवर हत्तीवरच्या अंबारीसारखी बैठक असते, पण त्याच्या डोक्यावर ब्रेन बॉक्स नसतो. रुलॉनांच्या टायरॅनोसॉरसच्या डोक्यावर मात्र ते शिरस्त्राण घट्ट बसवलेले असते. ते काढून ठेवले, तर समोर उरतो तो एक सुबक प्राणी. तो कोणाच्या ताब्यात आहे, कोणाविरुद्ध उभा आहे, हे काहीच कळत नाही.

नुसता प्राणीही अपुरा असतो असे माझे म्हणणे नाही. टायकोने यांतलेच काही प्राणी, शस्त्रे आणि स्वार वगळून, अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या नावाने वेगळे विकले होते, आणि त्या काळाच्या मानाने त्यांची घडण इतकी अभ्यासपूर्ण होती की ते तसे उभे राहिले तरी शोभत. पण ते खेळणे वेगळे आणि हे वेगळे.

माझा टायरॅनोसॉरस सहा वर्षे उघड्या डोक्याने फळीवर उभा होता. त्याचे शिरस्त्राण मला शेवटी सापडले ते मोडक्या गाड्या, सैनिकांचे हात आणि कसली कसली चाके भरलेल्या एका पिशवीच्या तळाशी. विकणाऱ्याला तो कशाचा तुकडा आहे हे ठाऊक नव्हते. घरी आणल्यावर मी तो लगेच बसवला नाही. इतक्या वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होते आणि जोर लावला की पकडीची टोके तुटतात, म्हणून तो आधी कोमट पाण्यात ठेवला, पुसून कोरडा केला आणि मग दोन्ही अंगठ्यांनी हळूहळू सरकवत नेला. आतल्या कडेला लहान मुलाच्या दातांच्या खुणा होत्या. त्या घासून काढाव्यात असे एका संग्राहकाने सुचवले, पण मी त्या तशाच ठेवल्या आहेत.

केनर कंपनीने १९९३ मध्ये ‘ज्युरासिक पार्क’ चित्रपटाबरोबर काढलेल्या खेळण्यांची गोष्ट याहून अवघड आहे. त्यांतल्या काही डायनासोरांच्या अंगावरचा कातडीचा तुकडा निघतो आणि आत जखम, मांस आणि बरगड्या दिसतात. मुलांना तो तुकडा काढण्यातच गंमत वाटे, त्यामुळे नेमका तोच हरवत असे. म्हणूनच आज कुशीत भगदाड पडलेले डायनासोर पुष्कळ मिळतात आणि त्यांचे ते तुकडे फार थोडे. हल्ली असे भाग त्रिमितीय छपाईने नवे करून मिळतात. खेळण्यासाठी ते जरूर घ्यावेत, मात्र आतल्या बाजूला ते नवे असल्याची खूण असावी, असा माझा आग्रह आहे; नाहीतर दहा वर्षांनी खरे कोणते आणि नक्कल कोणती, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

जपणुकीची एक चूक मला महागात पडली. मऊ, रबरासारखे पट्टे आणि कडक प्लास्टिकची शस्त्रे मी एकाच डब्यात भरून ठेवली होती. मऊ पीव्हीसीमध्ये लवचीकपणासाठी मिसळलेले द्रव्य काळाच्या ओघात बाहेर झिरपते आणि शेजारच्या कडक प्लास्टिकला विरघळवू लागते. डबा उघडला तेव्हा एका तोफेच्या नळीवर पट्ट्याचा ठसा खोल रुतलेला होता आणि तिचा पृष्ठभाग चिकट झाला होता. आता प्रत्येक भाग वेगळ्या कागदी पाकिटात, उन्हापासून दूर असतो, आणि चालणाऱ्या प्राण्यांच्या पोटातले सेल प्रदर्शन संपताच काढले जातात, कारण गळलेला सेल आतल्या पत्र्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो.

माझ्या डिप्लोडोकसच्या अंबारीचा एक कठडा अजून मिळालेला नाही, त्यामुळे त्या बाजूचा स्वार मी आत सरकवून बसवला आहे. तुमच्या माळ्यावर जुन्या खेळण्यांचे खोके असेल, तर ते रिकामे करताना तळाशी उरलेल्या, कशाचेच न वाटणाऱ्या तुकड्यांचे एक छायाचित्र मला पाठवाल का?