न्यूयॉर्क पुढ्यात, फिलाडेल्फिया पाठीशी: आमच्या ॲटिकमधला एफएम अँटेना

न्यू जर्सीतलं प्लेन्सबरो हे रेडिओ ऐकणाऱ्यांसाठी मोठं अडचणीचं गाव आहे. ईशान्येला सुमारे ७० किलोमीटरवर मॅनहॅटन, नैऋत्येला ६०-६५ किलोमीटरवर फिलाडेल्फियातल्या रॉक्सबरो भागातले मनोरे. दोन्ही शहरांची स्टेशनं इथे येतात आणि डायलवर एकमेकांना खेटून बसतात. न्यूयॉर्कचं डब्ल्यूकेसीआर ८९.९ वर, फिलाडेल्फियाचं डब्ल्यूआरटीआय ९०.१ वर. इकडचं डब्ल्यूएनवायसी ९३.९, तिकडचं डब्ल्यूआयपी ९४.१. डब्ल्यूक्यूएक्सआर १०५.९, तर १०६.१ वर पुन्हा फिलाडेल्फिया. अमेरिकेत एफएमचे चॅनेल ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने असतात, म्हणजे यातली प्रत्येक जोडी अगदी शेजारी-शेजारी, मध्ये भिंतसुद्धा नाही.

मला हवं होतं ८९.९. कोलंबिया विद्यापीठातले विद्यार्थी चालवतात ते स्टेशन; रविवारी सकाळी त्यावर 'मॉर्निंग रागाज' लागतं. दुसरं डब्ल्यूक्यूएक्सआर, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं. ते २००९ मध्ये ९६.३ वरून १०५.९ वर गेलं आणि त्या अदलाबदलीत त्याची ताकद ६ हजार वॉटवरून ६१० वॉटवर आली. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून ६१० वॉट शहराला पुरतात, आमच्यापर्यंत पोचताना मात्र धाप लागते. नवऱ्याचं प्रेम ९०.१ वर, कारण तिथे रात्री जॅझ असतं. म्हणजे भांडण डायलवर होतं तसं घरातही होतंच.

"नेटवर ऐक की," असं प्रत्येकाने सांगून झालं. ऐकतेही. पण घरात चांगला जुना ट्यूनर आहे, त्याला साजेसे स्पीकर आहेत, आणि हवेतून फुकट येणारं गाणं आधी लॉगिन करून का ऐकायचं, हे मला कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

छपरावर अँटेना लावणं हा सरळ उपाय. पण आमची वसाहत घरमालकांच्या असोसिएशनवाली. टीव्हीचा अँटेना किंवा मीटरभरापर्यंतची डिश असेल तर असोसिएशनला अडवता येत नाही, एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचा, तसा नियमच आहे. हा नियम एफएमच्या अँटेनाला लागू नाही, हे मात्र फारसं कोणाला माहीत नसतं. मला वाटलं होतं तसं पत्र आलंच: छपरावर नको. राहिलं ॲटिक, म्हणजे छपराखालचा माळा. तिथे वारा नाही, पाऊस नाही, आणि छपरावरच्या अँटेनाला विजेसाठी जी अर्थिंगची यातायात करावी लागते तीही नाही. त्या बदल्यात छप्पर थोडा सिग्नल खातं, ओलं असेल तर जास्तच.

काही विकत घेण्याआधी मी बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ घेऊन ॲटिकमध्ये चढले. हे प्रत्येकाने करावं. छपराच्या आतल्या बाजूला चकचकीत ॲल्युमिनियमचा थर असेल, छप्पर पत्र्याचं असेल किंवा त्यावर सोलार पॅनेल पसरलेली असतील, तर वर अँटेना लावण्यात राम नाही. आमच्याकडे साधं प्लायवुड आणि त्यावर डांबरी शिंगल्स. रेडिओ खालच्यापेक्षा वर स्पष्ट बोलत होता, पण ८९.९ वर गवई आणि ९०.१ चा निवेदक दोघं एकाच वेळी बोलत होते.

प्रश्न सिग्नल कमी असण्याचा नव्हताच, हे तिथेच कळलं. म्हणूनच 'अमुक मैल रेंज', 'अमुक पट ॲम्प्लिफायर' असलं खोक्यावर लिहिलेले अँटेने मी यादीतून काढून टाकले. ॲम्प्लिफायर गवयालाही मोठं करतो आणि निवेदकालाही. त्यात ट्रेंटन आणि प्रिन्स्टनची स्टेशनं आमच्या उशाशी. एवढा दणदणीत सिग्नल ॲम्प्लिफायरला पचत नाही आणि डायलवर जिथे काहीच नसायला हवं तिथेही तीच स्टेशनं उगवतात. केबलमध्ये फार काही वाया जातं म्हणावं, तर तेही नाही. चांगल्या आरजी-६ केबलमध्ये एफएमच्या पट्ट्यात ३० मीटरला जेमतेम २ डेसिबल जातात, आणि माझी केबल त्याहून कितीतरी आखूड.

शेजारच्या चॅनेलचा त्रास हल्ली आणखी वाढलाय, त्याचं कारण एचडी रेडिओ. स्टेशन आपल्या नेहमीच्या प्रक्षेपणाच्या दोन्ही बाजूंना डिजिटल पट्ट्या लावतं, आणि त्या मूळ फ्रीक्वेन्सीपासून साधारण १३० ते २०० किलोहर्ट्झवर पडतात. म्हणजे ९०.१ ची खालची पट्टी थेट ८९.९ च्या अंगणात. ट्यूनरमध्ये कितीही बारीक फिल्टर टाका, ती फुसफुस जात नाही, कारण ती शेजाऱ्याच्या जागेतून येतच नाही, आपल्याच जागेत बसलेली असते. तिला बाहेरच थोपवायचं, तर अँटेनानेच थोपवावं लागतं.

अशा हिशेबाने पाहिलं की निवड आपोआप अरुंद होते. उभ्या काठीसारखा अँटेना चारी दिशांनी ऐकतो, तो बाद. ट्यूनरबरोबर येते ती टी आकाराची वायर, किंवा ३०० ओहमच्या चपट्या वायरची घडी करून घरी केलेला डायपोल, हा स्वस्तात मस्त प्रकार. दीड मीटरच्या आसपास लांबी, ३०० चं ७५ ओहम करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, झालं. ज्यांची सगळी स्टेशनं एकाच दिशेला आहेत त्यांनी ह्याच्यापुढे जाऊच नये. पण डायपोल पुढून जेवढं ऐकतो तेवढंच मागून ऐकतो, आणि माझं न्यूयॉर्क जिथे पुढे, तिथे फिलाडेल्फिया जवळजवळ बरोबर मागे. नकाशावर मोजलं तर न्यूयॉर्क उत्तरेपासून ४८ अंशांवर आणि रॉक्सबरो २३९ वर. ठीक पाठ म्हणजे २२८. अकरा अंशांचा काय तो फरक.

तेव्हा यागी, म्हणजे एका दांडीवर आडव्या काड्या लावलेला, पुढून जास्त आणि मागून कमी ऐकणारा अँटेना, एफएमसाठीच बनवलेला. सहा काड्यांचाही मिळत होता, पण तो ॲटिकमध्ये फिरवायला जागा उरली नसती. मी तीन काड्यांचा घेतला. घेताना पुढची ताकद किती हे न बघता पुढच्या-मागच्यातला फरक किती, तेवढंच बघितलं.

ॲटिकमध्ये जाण्याची झाकणी जेमतेम माणूस मावेल एवढी, त्यामुळे सगळं सुटं करून वर नेलं. ऑक्टोबर निवडला, जुलैत तिथे भाकरी भाजता येईल. एन-९५ मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तरी फायबरग्लासची गुलाबी कुसळं मनगटात शिरलीच. पाय फक्त लाकडी तुळईवर ठेवायचा. मधल्या भागात खाली नुसता ड्रायवॉल असतो, तिथे पाय पडला की तो थेट बेडरूमच्या छतातून लोंबकळताना दिसतो. मी दोन तुळयांवर प्लायवुडची फळी टाकून त्यावर बसले.

आमचा आढा नैऋत्य-ईशान्य धावतो, हे नशीब. छपराच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी सांगाडे, २४ इंचांवर, म्हणजे ६१ सेंटिमीटरवर उभ्या असतात. मधली दांडी आढ्याच्या बाजूने कैच्यांमधल्या त्रिकोणांतून ओवली की प्रत्येक काडी दोन कैच्यांमधल्या एकेका गाळ्यात पडते. आढा आडवा असता तर प्रत्येक काडी लाकडाला धडकली असती आणि मला सगळा बेतच बदलावा लागला असता. एसीच्या जाड पाइपांवर धातूचं चंदेरी वेष्टन असतं, म्हणून अँटेना त्यांच्यापासून दूर, जमेल तेवढा आढ्याजवळ, नायलॉनच्या दोरीने टांगला. दोरीनेच, कारण अजून फिरवायचं होतं. दीड मीटरची काडी ६१ सेंटिमीटरच्या गाळ्यात वीसेक अंश इकडे, वीसेक अंश तिकडे वळते. मला तेवढं पुरेसं होतं.

नवरा खाली ट्यूनरपाशी, फोन स्पीकरवर. मी अँटेना सरळ न्यूयॉर्ककडे केला.

"काय ऐकू येतंय?"

"सतार आहे. मागे कोणीतरी पुटपुटतंय."

पूर्वेकडे बोटभर वळवला.

"आता?"

"पुटपुटणं गेलं. सतार थोडी हळू झाली का? नाही, तेवढीच आहे."

इथेच सगळी गोम आहे. यागीचं तोंड बरंच रुंद असतं. पुढचं स्टेशन दहा अंश बाजूला गेलं तरी कानाला फरक कळत नाही. पाठीमागची बहिरी जागा मात्र चिंचोळी असते, आणि कोन बोटभर हलला की तिथून आवाज झिरपू लागतो. म्हणून हवं ते स्टेशन जोरात येईपर्यंत फिरवत बसू नये, नको ते मरेपर्यंत फिरवावं. शेवटी आमचं तोंड न्यूयॉर्कच्या जरा उजवीकडेच राहिलं. तिथे दोरी घट्ट केली आणि केबल कपाटामागून खाली सोडली.

८९.९ आता स्टिरिओत येतं. १०५.९ कोरड्या दिवशी सुरेख. पाऊस पडून गेला की संगीतामागे बारीक खरखर लागते, तेव्हा ट्यूनरचं मोनोचं बटण दाबते आणि ती बहुतेक जाते. ९३.९ ला काहीच अडचण नाही.

अडचण झाली ती नवऱ्याची. फिलाडेल्फिया इतकी चोख बंद झाली की त्याचं ९०.१ डायलवरून जवळपास पुसलं गेलं. टी आकाराची जुनी वायर मी टाकून दिली नव्हती. ती पुस्तकांच्या कपाटामागे पसरून, दोन केबलींमधली एक निवडायचा छोटा ए-बी स्विच ट्यूनरच्या मागे लावला. ए म्हणजे न्यूयॉर्क, बी म्हणजे जॅझ. रात्री तो बी वर करतो आणि तसाच ठेवून झोपायला जातो. रविवारी सकाळी आधी तो ए वर आणायचा, मग चहा टाकायचा.