देव येतो की माणूस जातो?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव जत्रेचा, तिथं भाकीत सांगणाऱ्या फरांडे बाबांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, "फरांडे बाबा म्हणजे आपल्याकडचे शामनच की हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

'शामन' हा शब्द सायबेरियातल्या एव्हेंकी लोकांच्या बोलीतून आला. तिथला शामन डफ वाजवत वाजवत स्वतःच निघून जातो. देह तंबूत आणि जीव वरच्या नाहीतर खालच्या लोकात, आजाऱ्याचा हरवलेला प्राण शोधायला. त्या डफाला कितीतरी ठिकाणी घोडा मानतात आणि टिपरू म्हणजे चाबूक! सोव्हिएत काळात सरकारनं हे डफ जप्त केले होते. घोडाच काढून घेतल्यावर शामन जाणार कसा?

आपल्याकडं उलट. इथं कुणी जात नाही, वारं अंगात येतं. ढोल-कैताळ घुमतात, भंडारा, खोबरं, लोकर उधळली जाते, बाबा पोटावर तलवार मारत हेडाम हा नाच खेळतात आणि मग भाकणूक, म्हणजे भाकीत होतं: पाऊस, पिकं, राजकारण. शेतकरी ती कान देऊन ऐकतात, मीही ऐकतो.

अर्थात ही वाटणी पक्की नाही. कोरियातल्या मुदांग, म्हणजे तिथल्या शामन बायकांच्या अंगात देवच येतो आणि त्या धारदार पात्यावर अनवाणी उभ्या राहतात. मुदांग होण्याआधी बाईला एक आजारपण येतं, औषधानं न हटणारं. त्याला देवाचं बोलावणं समजतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या जोगतिणी आठवल्या. केसांत जट झाली की यल्लम्मानं बोलावलं म्हणायचं आणि पोरगी देवीला सोडायची. तेल-कंगव्यानं सुटला असता असा गुंता, आणि त्यापायी किती जणींचा जन्म गेला. तिथं माझं कौतुक संपतं. साप चावल्यावर माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं तर महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हाच आहे. आधी कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल गाठायचं, देवरुषी नंतर.

पण सगळं ढोंग, असंही माझ्यानं म्हणवत नाही. माझ्या आजीच्या अंगात देवी यायची. एरवी घरात तिचं कुणी ऐकत नसे, मंगळवारी मात्र आजोबासुद्धा हात जोडून उभे. लहानपणी एकदा वारं उतरल्यावर मी तिला विचारलं, "कुठं गेलतीस गं?"

"मी कुठं जातोय? तीच आलती," म्हणाली आणि चहा मागितला.