काढून टाकलेला एज आणि तुरीचा ४२वा कट्टा

बार्शीच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांची कॉम्प्युटरची कामं मी बरीच वर्षं करते. तुरीच्या हंगामात तिथून फोन आला की हातातलं काम बाजूला ठेवून निघावं लागतं. पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेबाचा कागद, निघाली नाही की शेतकरी अडकतो, त्याची गाडी अडकते, आणि मागची रांग यार्डाच्या रस्त्यावर येते.

त्या दिवशी सकाळी एका आडतीच्या दिवाणजींचा फोन आला. "ताई, पट्टीचा प्रोग्राम उघडतोय, पण आत नुसतं पांढरं. काहीच दिसंना. आणि कॅमेऱ्याचं पण बघायचंय, लवकर या."

पोचले तेव्हा दिवाणजी कोऱ्या पावतीपुस्तकावर हातानं पट्ट्या लिहीत होते. शेठच्या गादीशेजारी पांगरीकडचे एक वयस्क शेतकरी बसले होते. त्यांची तूर दोन आठवड्यांपूर्वी इथेच उतरली होती. पट्टीवर कट्टे, म्हणजे पोती, ४१, आणि त्यांचं म्हणणं ४२. आवाज चढवलेला नव्हता त्यांनी. "शेठ, मी घरून मोजून भरले होते, पोरगं होतं संगट," एवढंच परत परत सांगत होते. शेठ म्हणाले, "काका, काट्यावर कॅमेरा आहे. जे दिसंल ते मान्य." अडचण अशी की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडत नव्हतं, आणि ते साठवणाऱ्या डब्यात, म्हणजे डीव्हीआरमध्ये, जेमतेम पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग मावतं. त्यापुढे जुनं पुसून त्याच जागी नवं चढतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

शेठचा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीला आला होता. तो स्वतःहून पुढे आला. "ताई, रविवारी मी एज ब्राउझर काढला या मशीनवरून. त्यानंतरच झालंय का हे?"

त्याचं कारण ऐकलं तर चुकीचं म्हणता येत नव्हतं. दुकानात सगळं काम क्रोमवर चालतं. पण पीडीएफ पट्टीवर क्लिक केलं की ती एजमध्ये उघडायची. विंडोज अपडेट झालं की एजचं चिन्ह पुन्हा टास्कबारवर यायचं. दिवाणजी वैतागायचे. सेटिंगमध्ये एज अनइन्स्टॉल करायचं बटण नाही, म्हणून पोरानं इंटरनेटवरून विंडोज 'हलकं' करणारी एक स्क्रिप्ट उतरवली आणि चालवली. ती स्क्रिप्ट काय काय उपटते ते वाचलं नव्हतं.

मी वाचली. तिनं तीन गोष्टी केल्या होत्या. एजचं फोल्डर पुसलं होतं. शेजारचं वेबव्ह्यू२ नावाचं फोल्डरही पुसलं होतं. आणि विंडोज १०च्या फीचर्सच्या यादीतली इंटरनेट एक्स्प्लोरर ११ची खूण काढली होती. काम करणाऱ्याला हा फरक नीट कळायला हवा, म्हणून सविस्तर सांगते. एज हा ब्राउझर, म्हणजे आपण उघडतो ती खिडकी. एज ज्या क्रोमियम इंजिनवर चालतो त्याचाच वेबव्ह्यू२ हा वेगळा संच असतो. तो स्वतः दिसत नाही, पण हल्लीचे कितीतरी प्रोग्राम आपला पडदा त्यावरच रंगवतात. पट्टीचा प्रोग्राम दोन वर्षांपूर्वी नव्यानं बनवून घेतला होता, तो यातलाच. भिंतीतली पाण्याची लाईन उखडावी आणि मोरीतल्या नळाला पाणी का नाही म्हणून विचारावं, तसं झालं होतं.

क्रोम शाबूत होता, म्हणून मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून वेबव्ह्यू२चा इन्स्टॉलर आधी उतरवला. तो बसला, पट्टीचा प्रोग्राम पुन्हा भरला पडद्यावर, आणि रांग हलली. हे काम सोपं होतं.

कॅमेऱ्याचं अवघड. डीव्हीआर जुना, माळ्यावर ठेवलेला. व्होल्टेजच्या एका झटक्यात त्याचा स्क्रीनचा पोर्ट गेलेला, त्यामुळे थेट टीव्ही जोडून बघायची सोय नाही. मोबाईलचं ॲप कधीच बंद पडलेलं, सोबत आलेली सीडी हरवलेली. उरला एकच मार्ग, नेटवर्कवरून त्याचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकायचा. त्या पानावरचं चित्र दिसतं ते ॲक्टिव्हएक्स नावाच्या जुन्या पद्धतीच्या प्लगइनमधून, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममधून, आणि ॲक्टिव्हएक्स क्रोममध्ये चालत नाही, फायरफॉक्समध्येही नाही. ते इंटरनेट एक्स्प्लोररचं. एक्स्प्लोरर तर मायक्रोसॉफ्टनं १५ जून २०२२ ला निवृत्त केला, आणि १४ फेब्रुवारी २०२३ च्या एज अपडेटनं विंडोज १०वर तो उघडणंच बंद केलं. आता त्याचं इंजिन अधिकृतपणे वापरता येतं ते फक्त एजच्या आत, आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोडमध्ये. हा मोड निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू असं कंपनीनं सांगितलेलं आहे. एज गेला तसा हा मोडही गेला.

एक्स्प्लोररची खूण फीचर्समध्ये परत लावली, मशीन रीस्टार्ट केलं. एज बसवायला गेले तर इन्स्टॉलर पुढे सरकेना, कारण फोल्डर पुसलं गेलं तरी रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतल्या, नोंदी जागच्या जागी होत्या आणि त्याच्या हिशेबानं एज अजून बसलेलाच होता. आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घेतला, मग त्या नोंदी एकेक शोधून काढल्या. शेतकरी काका मधूनमधून माझ्याकडे बघायचे, काही विचारायचे नाहीत. त्यांच्यासाठी दोनदा चहा आला, त्यांनी एकच घेतला.

पोरगा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, "पण ताई, ब्राउझर एवढा आत का गुंफायचा? काढता यायला नको?"

हा प्रश्न जुना आहे, आणि यावर अमेरिकेत मोठा खटला झालाय. १९९८ साली तिथल्या सरकारनं मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. विंडोज ९८मधून एक्स्प्लोरर वेगळा होऊच शकत नाही, असं कंपनी सांगत होती. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी तो बाजूला काढणारा प्रोग्राम लिहून सरकारच्या बाजूनं साक्ष दिली. त्या प्रोग्रामनं विंडोज बिघडतं हे दाखवायला कंपनीनं व्हिडिओ आणला, आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये सरकारी वकील डेव्हिड बॉइज यांनी त्याच व्हिडिओतली विसंगती कोर्टात उघडी पाडली. पुढे २००१ मध्ये अपील कोर्टानं कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश रद्द केला, पण एक्स्प्लोररला 'ॲड-रिमूव्ह प्रोग्राम्स'च्या यादीतून वगळणं आणि त्याचा कोड विंडोजच्या कोडमध्ये मिसळणं बेकायदेशीर होतं, हा निष्कर्ष कायम ठेवला. हे सगळं मी त्याला रजिस्ट्री चाळता चाळता सांगितलं. या प्रकरणाबद्दल मला मनापासून वाटतं म्हणून सांगितलं. ज्यानं मशीन विकत घेतलंय त्याला त्यातलं काय ठेवायचं हे ठरवता आलं पाहिजे. युरोपात मोठ्या टेक कंपन्यांना आवर घालणाऱ्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून तिथल्या विंडोजमध्ये एज साध्या ॲपसारखा अनइन्स्टॉल करता येतो. आपल्याकडे ते बटण मिळत नाही, म्हणून हुशार पोरं कुणाच्याही स्क्रिप्ट चालवतात.

दुपारी एज बसला. सेटिंगमध्ये आयई मोडची परवानगी दिली, डीव्हीआरचा पत्ता यादीत घातला, प्लगइन बसलं. चित्र आलं. त्या दिवसाचं रेकॉर्डिंग अजून होतं, पुसत येणारी रेघ मात्र त्याच्या अगदी जवळ पोचलेली. एज ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय फाईल सेव्ह होईना. तसं उघडून आधी ती पेनड्राइव्हवर घेतली, मगच सगळ्यांना बोलावलं.

काटा, हमाल, काका, त्यांचा मुलगा, सगळं दिसत होतं. दिवाणजी मोठ्यानं मोजत होते. अडतिसाव्या कट्ट्याच्या वेळी एक कट्टा खालून उसवला, तूर सांडायला लागली. हमालानं तो उचलून भिंतीला उभा केला, सुतळी आणायला गेला. काकांचे बाकीचे कट्टे काट्यावरून गेले, एकेचाळीस भरले. मग पुढची गाडी लागली. शिवलेला कट्टा त्या गाडीच्या मालात चढला.

शेठनी व्हिडिओ थांबवायला सांगितला. कुणाला काही बोलले नाहीत. त्या कट्ट्याचं वजन त्या पुढच्या गाडीवाल्यांच्या पट्टीत कुठं आलंय ते दिवाणजींना काढायला लावलं आणि काकांना साडेतीन हजारांच्या आसपास जी रक्कम निघाली ती तिथेच मोजून दिली. काकांनी पैसे खिशात ठेवले आणि म्हणाले, "ज्यांच्या पट्टीत गेला त्यांच्याकडनं ओरडून मागू नका. त्यांना काय ठाऊक."

मग शेठनी मला विचारलं, "आता हा एज ठेवायचा का काढायचा?"

माझं मत मी स्पष्ट दिलं. आज ठेवायचा, पण वाटेतून बाजूला करायचा. क्रोम डिफॉल्ट केला, पीडीएफही त्याच्याकडे लावली. एजचं स्टार्टअप बूस्ट, म्हणजे मशीन लावताच आपणहून तयार होऊन बसणं, आणि मागच्या मागे चालत राहणं बंद केलं, टास्कबारवरून चिन्ह काढलं. दिवाणजींना तो दिसणार नाही. आयई मोडच्या यादीतला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो. तो पुन्हा कसा घालायचा हे पुतण्यानं स्वतः करून बघितलं आणि कागदावर लिहून डीव्हीआरच्या तारेला बांधलं. आणि शेठना सांगितलं की खरी जुनी वस्तू एज नाही, माळ्यावरचा तो डब्बा आहे. ॲक्टिव्हएक्स मागणारं यंत्र घरात ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीनंही चांगलं नाही.

पाडव्याच्या आधी त्यांनी नवा डीव्हीआर घेतला, कुठल्याही ब्राउझरमध्ये चित्र दाखवणारा. तो बसवायला गेले तेव्हा पुतण्यानं पुण्याहून फोनवर विचारलं, आता तरी एज काढू का. मी सांगितलं, आता काढायला हरकत नाही, पण स्क्रिप्ट आधी मला पाठव, आणि वेबव्ह्यू२ला हात लावणारी ओळ तिच्यात असेल तर ती खोड.