तुम्ही विचारलंत म्हणून: माझे कालप्रवासी तबेल्यातच का सापडतात?

ठाण्याच्या नौपाड्यात कथावाचन असो की दिवाळी अंक वाचून आलेला फोन, प्रश्न ठरलेला. "तुमची माणसं भविष्यातून एवढी यातायात करून मागे येतात, कसलासा मोठा धोका टाळायला येतात, आणि इथे येऊन घोड्यांना खरारा करतात, गोदीत गासड्या उचलतात, टपालाच्या थैल्या वाहतात. एखादा सरदार, गेला बाजार कारभारी तरी का होत नाही त्यांच्यातला?" परवा एका काकूंनी त्यात भर घातली, "आणि सगळे ठाण्यातच बरे उतरतात हो! पुण्याची गाडी मिळत नाही का त्यांना?"

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीटच सांगतो. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच तबेल्यात आहे.

आपलं ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. बांधायला घेतला पोर्तुगीजांनी, 1737 साली तो मराठ्यांकडे आला, 1774 च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. रोज त्याच्या भिंतीशेजारून रिक्षा जाते आणि आपण मोबाईलमध्ये डोकं घालून बसतो. या किल्ल्यात 1815 च्या सप्टेंबरात एक कैदी आणला गेला, त्रिंबकजी डेंगळे. दुसऱ्या बाजीरावाचा अत्यंत विश्वासू माणूस. त्याच वर्षी जुलैमध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला होता आणि संशय त्रिंबकजींवर होता. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील, एल्फिन्स्टन हटून बसला, बाजीरावाला त्यांना हवाली करावं लागलं.

इंग्रजांनी बंदोबस्त चोख केला. पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई ठेवले. एतद्देशीय शिपाई फितूर होईल ही भीती. हिशेब बरोबरच होता, फक्त त्याचा दुसरा अर्थ असा, की पहाऱ्यावरच्या कुणालाही मराठी कळत नव्हतं.

किल्ल्यात एका साहेबाच्या घोड्याला एक मराठी मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा नोकर, होता. तो कैद्याच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करी आणि करता करता गाणी म्हणे. पहारेकऱ्यांना वाटे, नोकर आहे, गातोय. गाण्यातून आत निरोप जात होता. रेजिनाल्ड हेबर नावाच्या बिशपने पुढे ही हकीकत लिहून ठेवली, त्याचं प्रवासवर्णन 1828 मध्ये छापून आलं. गाण्याचा मथितार्थ त्याने इंग्रजी पद्यात दिलाय: झुडपाआड तिरंदाज लपलेत, झाडाखाली घोडा उभा आहे. घोडे पंचावन्न, माणसं चोपन्न. पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला पुन्हा बरे दिवस.

12 सप्टेंबर 1816 च्या रात्री पंचावन्नावा स्वार झाला.

पुढचं शाळेत शिकलोय. त्रिंबकजींना पुन्हा हजर करा म्हणून एल्फिन्स्टनचा तगादा, जून 1817 चा अपमानकारक पुणे तह, नोव्हेंबरात खडकीची लढाई, 1818 मध्ये पेशवाईचा शेवट. त्रिंबकजी परत पकडले गेले आणि पार उत्तरेतल्या चुनारच्या किल्ल्यात जाऊन पडले. हेबर 1824 मध्ये त्यांना तिथे बघून आला. म्हणजे सुटका झाली, पण दख्खनचे बरे दिवस काही आले नाहीत.

आता मला सांगा, या गोष्टीत सगळ्यांची नावं आहेत. बाजीराव, एल्फिन्स्टन, शास्त्री, त्रिंबकजी, खुद्द बिशप. ज्याने काम केलं त्या मोतद्दाराचं नाव हेबरने दिलेलं नाही. ही गोष्ट वाचली आणि माझ्या कालप्रवाशाची नोकरी ठरून गेली.

कारण कालप्रवासाची पहिली अडचण यंत्राची नसते, नोंदींची असते. इथे जरा शास्त्र आणतो, पण पटकन आटपतो. कुर्ट गोडेल या गणितज्ञाने 1949 साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं, की ज्यात प्रवास करत करत माणूस आपल्याच भूतकाळात पोचू शकेल. आपलं विश्व तसं नाही, पण कागदावर दार उघडलं. मग दुसरा पेच. मागे जाऊन कुणी आपल्याच आजोबांना मारलं तर? त्यावर इगॉर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात जे मांडलं त्याचा सार असा, की मागे गेलेला माणूस जे काही करेल ते आधीच झालेल्या गोष्टीत बसणारंच असेल. जे घडलंय ते घडलंय, त्याला धक्का लागत नाही. स्टीफन हॉकिंगचा तर मागे जाण्यावरच विश्वास नव्हता. 28 जून 2009 ला त्याने केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं नंतर जाहीर केली. कुणीही आलं नाही. मला हा पुरावा कधीच पटलेला नाही. गुप्त कामगिरीवरचा माणूस मेजवानीला येऊन सही करून जाईल होय? आलाच असेल तर ताटं उचलायला आला असेल, आणि हॉकिंगने त्याच्याकडे बघितलंही नसेल.

मी नोविकोव्हच्या बाजूचा. त्याचं मान्य केलं तर माझ्या माणसाला काम करायला जागा उरते ती फक्त जिथे कुणी काही लिहून ठेवलेलं नाही तिथे. सरदाराचा तर दिवसच्या दिवस बखरीत, पत्रांत, रोजकीर्दीत बांधलेला. तो कुठे जेवला, कुणावर रागावला, सगळं नोंदलेलं. त्याच्या जागी माझा माणूस गेला तर त्याला बोटसुद्धा वेगळं हलवता येणार नाही. मोतद्दाराचा अख्खा जन्म मोकळा आहे.

आपल्याकडे हे शहाणपण फार जुनं आहे. अज्ञातवासात पांडवांनी काय केलं? विराटाच्या घरी धर्मराज सोंगट्या खेळवणारा झाला, भीम स्वयंपाकी, द्रौपदी सैरंध्री, आणि नकुल, तो तबेल्यात घोडे सांभाळत होता. अट काय, तर ओळखले गेलात की पुन्हा बारा वर्षं वनवास. गुप्त कामगिरीचे नियम यापेक्षा कडक कुठल्या हेरखात्याने केलेत? आणि बिंग फुटायची वेळ कशाने आली, तर भीमाने कीचकाला ज्या ताकदीने मारलं त्या ताकदीने. आचाऱ्याने आचाऱ्यासारखं राहावं. माझ्या कथांतले जे पकडले जातात ते सगळे भीमाच्या जातीचे.

वेष घेणं मात्र लोकांना वाटतं तितकं सोपं नाही, आणि यावर मी तासन् तास बोलू शकतो, घरच्यांना विचारा. धोतर नेसता येईल हो. पण दात? आजच्या माणसाच्या दाढेत काहीतरी भरलेलं असतं. दंडावर लशीची खूण असते. मुंबईत देवीची पहिली लस टोचली गेली 14 जून 1802 ला, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. 1816 च्या ठाण्यात दंडावर खूण असलेला, चेहऱ्यावर एकही वण नसलेला, बत्तीस दात शाबूत असलेला मध्यमवयीन मोतद्दार म्हणजे चालतीबोलती शंका. मग पैसे. तेव्हा रुपया एक नव्हता, सुरती वेगळा, चांदवडी वेगळा, अंकुशी वेगळा, आणि सराफ प्रत्येकावर बट्टा कापणार. बट्ट्यावरून घासाघीस न करता जो निमूट पैसे देईल तो गावचा नाही हे सराफाच्या पोरालाही कळेल. कागद मोडीत. वर्ष विचारलं तर शके 1738. आपल्यातल्या किती जणांना साधी उधारीची चिठ्ठी मोडीत वाचता येईल? कालप्रवाशांच्या प्रशिक्षणात पहिलं वर्ष मोडीचं असणार, बंदुका वगैरे नंतर.

सगळ्यात गंमत वेळेची. जो माणूस काळ ओलांडून आला तो घड्याळावर पकडला जाऊ शकतो. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई शहराने ती मनावर घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ 4 तास 51 मिनिटांची, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे, आणि मुंबई महापालिकेने ती 1955 पर्यंत धरून ठेवली. तेव्हा 1910 मध्ये ठाण्याहून बोरीबंदरला उतरणाऱ्याने "किती वाजले?" याचं उत्तर देण्याआधी विचारायला हवं, कुणाचे? माझा एक पात्र इथेच सापडतो. त्याच्याकडे अणूवर चालणारं अचूक घड्याळ असतं, बिचारा चटकन उत्तर देतो.

आता आणखी एक प्रश्न, जो तरुण मुलं विचारतात आणि ज्याला मी खरोखर घाबरतो. एकदा एका मुलाने उभं राहून विचारलं, "सर, तुमचा माणूस 1910 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात पाणक्या दाखवलाय. मग त्याने त्या तिघांना का नाही वाचवलं?" ते तिघे म्हणजे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकला कलेक्टर जॅक्सनला मारलं, 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी. तारखा, नावं, सगळं पक्कं, कुठे फट नाही. नियमाप्रमाणे माझा पाणक्या काहीच करू शकत नाही. हे मी त्या मुलाला सांगितलं, त्याचं समाधान झालं नाही, माझंही होत नाही. शिवाय तो "धोका" हा शब्द किती घसरडा आहे ते तिथे कळतं. सरकारी दफ्तरात धोका म्हणजे ते तिघे. 1816 मध्ये धोका म्हणजे त्रिंबकजी. भविष्यातलं जे कुठलं खातं माझ्या माणसाला पाठवतं त्याचा साहेब कुठल्या दफ्तरावर भरवसा ठेवून हुकूम काढतो? म्हणून माझ्या कथांत माणसाला कारण सांगत नाहीत. फक्त काम सांगतात. तबेल्याच्या कथेत त्याला एवढंच सांगितलेलं असतं, की पलटणीत नवा आलेला एक गोरा थोडं मराठी शिकतोय, त्याला महिनाभर खिडकीखालून लांब ठेव. गाणारा मोतद्दार माझा माणूस नाहीच. माझा माणूस शेजारच्या घोड्याचा. तो महिनाभर त्या गोऱ्याला दारू कुठे चांगली मिळते ते दाखवत फिरतो, बस.

काही वाचक यावर नाराज असतात. म्हणतात, एवढ्यासाठी काळ ओलांडायचा? त्यांना मी गोदीची कथा वाचा म्हणतो.

14 एप्रिल 1944, व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकिन हे जहाज कराचीहून येऊन उभं होतं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, त्यांच्यासोबत कापसाच्या हजारो गासड्या, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात! दुपारी धूर दिसला. पाणी मारत राहिले, आग कुठे आहे तेच सापडेना. घातक माल असल्याचं लाल निशाण जहाजावर लावलेलं नव्हतं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवायला गेलेले 66 जवान गेले, म्हणून 14 एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. एकूण किती माणसं गेली यावर आजही एकमत नाही.

"मग त्याने लाल निशाण का नाही लावलं?" अगदी हेच पत्र मला आलंय. कारण निशाण नव्हतं हे नोंदलेलं आहे. स्फोट नोंदलेला आहे. पण मेलेल्यांचा आकडा जिथे पक्का नाही तिथे फट आहे, आणि माझा गासड्या उचलणारा माणूस त्या फटीत शिरतो. दुपारी तीनला तो मुकादमाशी मजुरीवरून कडाक्याचं भांडण काढतो. मुकादम चिडून त्याच्यासकट सगळ्या टोळीला गोदीबाहेर काढतो. टोळी त्याला आयुष्यभर शिव्या देत नाही, एवढंच त्याला मिळतं. कारण चार वाजल्यानंतर मजुरी कुणाच्या लक्षात राहत नाही. किती माणसं वाचली? कथेत लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर त्याला ती वाचवता आली नसती.

तर काकू, पुण्याची गाडी त्यांना मिळते. पण पुण्यात प्रत्येक वाड्याचं दफ्तर आहे आणि प्रत्येक दफ्तरावर कुणीतरी संशोधन करतंय. ठाण्यात गर्दी जास्त आणि नोंदी कमी. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली ती घ्या. 21 तोफांची सलामी, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, त्यांचं कौतुक सगळीकडे छापलेलं आहे. ठाण्याच्या बाजूला गाडीतून सामान कुणी उतरवून घेतलं, ते छापलेलं नाही. ती कथा माझी झाली आहे लिहून, पुढच्या दिवाळीत वाचाल.

सध्या खाडी ओलांडून पलीकडे गेलोय. 17 मार्च 1970 ला सिडको, म्हणजे नवं शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. आराखडे करणाऱ्यांची नावं सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून माझा माणूस मोजणीच्या पथकात साखळी धरणारा आहे, बेलापूरच्या मिठागराच्या बांधावर उभा. तेव्हा मोजणीवर असलेलं कुणी तुमच्या घरात असेल तर मला कळवा. त्या लोकांचा दुपारचा डबा कुठून यायचा, भरतीच्या वेळी चिखलातून बाहेर कसे पडायचे आणि गावकऱ्यांनी पहिल्या दिवशी त्यांना काय काय सुनावलं, हे मला कुठल्याच कागदात सापडत नाहीये.