यादीची वाट वर्गात उभे राहून पाहावी
यंदा गणपतीला राजापूरच्या घरी गेले असताना शेजारची मुलगी डी.एल.एड. या शिक्षक पदविकेची गुणपत्रिका घेऊन आली आणि ओटीवर टेकताच तिने विचारले, "ताई, मी इथेच थांबू, की मुंबईला मावशीकडे जाऊन मिळेल ती नोकरी धरू?" आमच्या भागात हा प्रश्न अनेक घरांत आहे, म्हणून तिला दिलेले उत्तर इथे लिहिते आहे.

टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, खुल्या प्रवर्गाने १५० पैकी ९० गुण मिळवले की पात्रता येते, नोकरी नव्हे. नोकरी ठरते ती २०० गुणांच्या अभियोग्यता चाचणीवर, आणि ती दरवर्षी होत नाही. डिसेंबर २०१७ नंतर ती थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली. मी पहिली चाचणी दिली आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची निवड यादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली.

मधले वीस महिने मी एका खाजगी शाळेत शिकवत होते. तिथे सही एका आकड्यावर घेत आणि हातात दुसराच, कमी आकडा ठेवत. त्याचा मला आजही संताप येतो. तरीही दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी नुसत्या फळ्यावर समजत नाही, दहा चिंचोक्यांची पुरचुंडी त्यांच्यासमोर सोडून एकेक चिंचोका उचलायला लावला की समजते, हे मला तिथेच उमगले. आज संगमेश्वर तालुक्यातल्या वाडीवरच्या शाळेत चार इयत्तांची मिळून नऊ मुले माझ्यासमोर एकाच खोलीत बसतात, तेव्हा त्या दिवसांचीच शिदोरी पुरते.

निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणूनच, म्हणजे पूर्ण पगाराऐवजी ठरावीक मानधनावर, काढायची असतात. मी रुजू झाले तेव्हा प्राथमिकचे मानधन ६,००० रुपये होते, जानेवारी २०२३ पासून ते १६,००० झाले. शिवाय निवड राज्यभरातून गुणानुक्रमे होत असल्याने प्राधान्यक्रम भरताना केवळ रत्नागिरी-सिंधुदुर्गावर अडून राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घराच्या ओढीने वयाची उमेदीची वर्षे हातची जातात.

तिला मी गावाजवळच्या शाळेत शिकवत चाचणीची तयारी करायला सांगितले. अट एकच घातली: नेमणुकीचे पत्र पहिल्याच महिन्यात लेखी घ्यायचे आणि हातात पडेल त्याहून मोठ्या आकड्यावर सही करायची नाही.