तुझी वळते, माझीला वळवावं लागतं

घाटात तिसऱ्या हेअरपिन वळणाला आपली क्रूझर (लांब, जड बाईक) बाजूला घेऊन मित्र हे बोलला आणि दिवसभर तेच डोक्यात फिरतंय.

माझी १९७५ ची होंडा सीबी ४०० फोर, ४०८ सीसी, ३७ हॉर्सपॉवर, आणि त्याची गाडी ३०० किलोच्या वर. दर वळणाला त्याचा फूटबोर्ड रस्त्याला घासत होता अन् माझी नुसती नजर वळली की गाडी वळायची, खरंच सांगतो.

सरळ रस्त्याला मात्र उलटं, तो गिअर न बदलता नुसती मूठ पिळून टॉर्कवर, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर, निघून जायचा आणि मी दोन गिअर खाली टाकून ७००० आरपीएमला, थरथरीने बोटांना मुंग्या.

होंडा विकून क्रूझर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं माझं. तुम्ही काय केलं असतं?